किचनची शटरं बदलून घ्या, फक्त आठ दिवसांत!

मॉड्युलर किचनला दहा-बारा वर्षं झाली, शटरांच्या कडा फुगल्या, सिंकखालचं दार उघडताना हातातच येऊ लागलं, म्हणून अख्खं किचन तोडायची गरज नसते. आतले खोके तसेच ठेवायचे आणि वरची शटरं तेवढी नवी लावायची. पैसा वाचतो, वेळही वाचतो. वाचलेल्या या दोन्ही गोष्टी कंत्राटदाराच्या पदरात सुखरूप कशा घालायच्या, ते खाली क्रमवार दिलं आहे.

१. माणूस निवडा. तिघांकडून भाव मागवा आणि मग तिघांनाही बाजूला सारून मेव्हण्याच्या ओळखीतला चौथा घ्या. ओळखीच्या माणसाशी घासाघीस करणं बरं दिसत नाही आणि काम बिघडलं तर बोलताही येत नाही. त्याने पूर्वी केलेलं काम बघायला कुणाच्या घरी जाऊ नका. त्याच्या मोबाइलमधले फोटो पुरेत. त्यातल्या एकाही ओट्यावर कुकर, मिसळणाचा डबा किंवा ओलं फडकं का नाही, असले प्रश्न मनात आणू नका.

२. भाव ठरवा. तो ‘रनिंग फूट’ म्हणाला की मान हलवा, ‘स्क्वेअर फूट’ म्हणाला तरी हलवा. पहिल्यात नुसती लांबी मोजतात, दुसऱ्यात लांबी गुणिले उंची. बोलणी पहिल्या मापाने व्हावीत आणि बिल दुसऱ्या मापाने यावं, एवढी मोकळीक राहू द्या. बिजागऱ्या, हँडलं, एज बँडिंग, जुनी शटरं काढायची मजुरी, जीएसटी हे विषय आपणहून काढू नका. बिलात ते आपापल्या पायांनी चालत येतात.

३. प्लाय घ्या. कंत्राटदार ‘सेव्हन टेन’ म्हणेल. आयएस ७१० हे मरीन प्लायचं मानक आहे, हे तुम्हाला माहीत असल्याचं चेहऱ्यावर दिसू देऊ नका. प्लायवरचा शिक्का सनमायका चिकटवण्याआधीच बघता येतो. म्हणून नेमकं त्या दिवशी ऑफिसला जा. नंतर आत मरीन प्लाय आहे की दाबलेला भुसा, हे फक्त पाण्याला कळतं. पाणी ते दोन पावसाळ्यांत तुम्हालाही सांगेल.

४. रंग निवडा. सगळी ताकद इथे लावा. प्लायबद्दल दोन मिनिटं बोललात, तर रंगावर दोन आठवडे भांडा. तळहाताएवढा तुकडा दुकानातल्या दिव्याखाली धरून ‘आयव्हरी’ आणि ‘ऑफ व्हाइट’मधला फरक सासूबाईंना समजावून सांगा. शेवटी पांढराशुभ्र हाय ग्लॉस घ्या. आपल्याकडे हळद कोण वापरतं?

५. ॲडव्हान्स द्या. निम्मे सुरुवातीला, मग ‘माल उचलायचाय’ म्हणून थोडे, मग ‘पोरांचा पगार’ म्हणून आणखी थोडे. नव्वद टक्के हातात पडले की कंत्राटदाराच्या मनावरचा ताण जातो आणि तो निवांत होतो. लगोलग कारागिरांच्या गावी लग्नं निघतात. तारीख लिहून मागू नका. ‘गणपतीच्या आत देतो’ हे पुरेसं आहे. कुठल्या वर्षीच्या, हे विचारणं असभ्यपणाचं.

६. आत डोकावू नका. जुनं शटर निघालं की सिंकखालचा खोका उघडा पडतो. पार्टिकल बोर्ड पाणी पिऊन इतका फुगलेला असतो की अंगठा दाबला तर भुसा गळतो. नवा स्क्रू त्यात नुसताच गरगर फिरतो. मग मिस्त्री काडेपेटीतली काडी मोडतो, फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात ठोकतो आणि तिच्यावर स्क्रू पिळतो. अलगद मिटणारी तुमची महागडी सॉफ्ट क्लोज बिजागरी आता त्या काडीवर उभी आहे. पोटात कालवलं ना? साहजिक आहे. खोका बदलायचं आधीच ठरवलं असतं तर ही वेळ आली नसती. पण मग रंगावर भांडायला पैसे कुठून उरले असते?

७. ताबा घ्या. शटरं एका रेषेत नसतील. ‘सेटिंग करून देतो’ असं तो म्हणेल. बिजागरीवरचे स्क्रू पिळून शटर इकडे-तिकडे सरकवायचं, एवढंच ते काम. त्यासाठी स्क्रूड्रायव्हर लागतो आणि कंत्राटदार लागतो. सेटिंग होईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नये, असं काही खडूस लोक सांगतात. त्यांची शटरं सरळ असतात, पण स्वभाव बघा!

८. नंबर पुढे द्या. शेजारी नवी शटरं बघून ‘कुणाकडून केलंत?’ असं विचारतील. नंबर ताबडतोब द्या आणि तोंड भरून कौतुक करा. त्याला दुसरं काम मिळाल्याशिवाय तो आपल्या सोसायटीत पुन्हा पाऊल टाकणार नाही, आणि तुमचं सेटिंग अजून राहिलंय.