नाव गाळलं, माणूस तसाच

“नावाचा कॉलम उडवलाय, आता कुणालाही पाठवायला हरकत नाही.” गेल्या महिन्यात एका आरोग्य शिबिराची एक्सेल फाइल या निरोपासकट माझ्याकडे आली. नाव खरंच नव्हतं. गाव होतं, जन्मतारीख होती आणि आडनावही होतं, कारण म्हणे ‘सर्व्हेला आडनाव लागतं’. शेवटी शेऱ्याचा रकाना : ‘सासूबरोबर आल्या. मिस्टर पोस्टात.’ एवढ्याशा गावात पोस्टात नोकरीला असतात किती जण? आणि त्याच ओळीत त्या बाईंच्या थुंकीच्या तपासणीचा निकाल.

मला संताप आला, अजून आहे. आपल्याकडे नाव म्हणजे नुसती हाक नसते. मधल्या नावात बाप नाहीतर नवरा, आडनावात गाव आणि बहुतेकदा जातही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचंही नाव आलं. ते कधीच यायला हवं होतं. पण पहिलं नाव तेवढं खोडायचं आणि बाकीचं घर उघडं टाकायचं, याला नाव गाळणं म्हणत नाहीत.

खरं तर पूर्ण नाव गाळूनही भागत नाही. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या दवाखान्याच्या नोंदी नावं काढून संशोधकांना दिल्या गेल्या. लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीनं २० डॉलर मोजून केंब्रिज शहराची मतदारयादी घेतली. गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्या जन्मतारखेचे यादीत ६ जण, त्यांत पुरुष ३, आणि त्यांच्या पिनकोडात राहणारा एकच. दवाखान्याच्या नोंदींशी हे जुळवलं, आणि गव्हर्नरांचं आजारपण तिच्या हातात होतं. आपल्या मतदारयादीत तर वय, घर क्रमांक आणि बापाचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच चौकटीत मिळतं.

जन्मतारखेच्या जागी वयोगट टाका, गावाच्या जागी तालुका. आडनाव काढाच. शेरे कुणीतरी बसून, एकेक ओळ वाचून साफ करावे लागतात. ते काम फॉर्म्युला करत नाही. नावाऐवजी क्रमांक दिलेत, तर कुठला क्रमांक कोणाचा, ही यादी त्याच फोल्डरमध्ये ठेवू नका. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात माहितीची नीट राखण न करणाऱ्याला २५० कोटींपर्यंत दंड आहे. पण त्या बाईंची बातमी गावभर झाली, तर दंडाच्या पावतीनं ती परत घेता येणार आहे का?

फाइल मी पुसली आणि काय काय काढायचं ते फोन करून सांगितलं. संध्याकाळी नवी फाइल आली. शेऱ्याचा रकाना गेला होता. आडनाव होतं तिथेच होतं. मी परत फोन लावला.