पंचवीस सीसीचे नाना

सुरतच्या लिंबायतमध्ये नानांना न ओळखणारा माणूस एक वेळ सापडेल, पण नानांच्या सायकलीला कोणतं इंजिन बसवावं यावर मत न दिलेला माणूस सापडायचा नाही.

नाना अमळनेरचे. तरुणपणी भुसावळ पॅसेंजरने उधन्याला उतरले, लूमवर लागले आणि आता मास्टर आहेत. चोवीस लूमच्या खडखडाटात दारात उभं राहून ‘सातव्याचा धोटा अडखळतोय’ म्हणून सांगणारा हा माणूस. तिथे निर्णयाला चुटकीचाही वेळ लागत नाही. सायकलीच्या इंजिनाला मात्र चार वर्षं झाली, अजून चर्चाच चालू आहे.

सुरुवात गुडघ्यापासून झाली. रेल्वेखालच्या गरनाळ्यातून वर चढताना तो कुरकुरला आणि नानांनी चहाच्या लारीवर जाहीर केलं, “भो, आते सायकलले इंजिन बसाडनं पडी!”

पहिलं नाव अर्थातच लुनाचं निघालं. १९७२ साली आलेली, ५० सीसीची, पेडल मारता येणारी. “लुना म्हणजे काय, सायकलच तर होती!” नाना म्हणाले. मग लुनाच घ्या की, असं मी म्हणालो, तर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. नंतर चिनी किट आलं. ते ८० सीसीचं म्हणून विकतात. नानांनी कागदावरचा बोअर आणि स्ट्रोक घेऊन हिशेब केला तर ६६ सीसीच भरलं. “आठ वारचा तागा बारा वारचा म्हणून देणाऱ्या जातीचं दिसतंय,” म्हणून ते बाद. शिवाय त्याचं साखळीचं चक्र आऱ्यांना रबर लावून आवळायचं, म्हणजे आरे तुटणार. पुढच्या चाकावर रोलर घासून चालणारं इंजिन कुणीतरी सुचवलं. टायर ओला झाला की रोलर घसरतो आणि आमच्याकडे खाडीला पूर आला की टायरच काय, घरातला माठही ओला होतो. तेही बाद.

शेवटी नाना गवतकापणी यंत्राच्या इंजिनावर आले. होंडाचं जीएक्स२५, चार स्ट्रोकचं, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट नाही, ताकद साधारण एक हॉर्सपॉवर. “म्हणजे एक लूम!” नाना खूश. नानांच्या जगात ताकद लूममध्येच मोजतात. आणि मुख्य म्हणजे नेमकं २५ सीसी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात चारपेक्षा कमी चाकांची आणि २५ सीसीपर्यंतची गाडी मोटार वाहनात मोडतच नाही.

आम्हाला वाटलं, आता पेढे. पण नानांनी साडीच्या रिकाम्या खोक्यावर खडूने गणित मांडलं. इंजिन मिनिटाला ७००० फेरे घेणार. सव्वीस इंची चाक एका फेऱ्यात दोन मीटर जातं, ताशी २५ किलोमीटरला त्याला २०० फेरे पुरे. सात हजार भागिले दोनशे, पस्तीस. पस्तीसला एक फेरा पाडायचा कसा? एका साखळीने भागणार नाही, दोन टप्पे हवेत, सेंट्रिफ्यूगल क्लच हवा. खोकं भरलं, तेव्हा नानांनी ते उलटं केलं. चहा तीनदा आला. (पैसे मी दिले. हे नमूद करून ठेवतो.)

“आणि समजा अपघात झाला,” नाना खडू झटकत म्हणाले, “तर कायद्याने ही गाडीच नाही. मग धडकलं कोण?”

यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. बिघडलेल्या खमणालाच लोचो म्हणून चवीने खाणाऱ्या या गावातही एवढा लोचा कुणी शिजवला नसेल.

एवढ्यात शेजारच्या पंक्चरवाल्या पोराने सायकल उचलून मागचं चाक फिरवलं. ब्रेकची रबरं कधीच झिजून गेलेली. नाना इतकी वर्षं चपलेने सायकल थांबवत होते. पोराने शांतपणे विचारलं, “नाना, हे पंचवीसच्या स्पीडला थांबवणार कशाने?”

नाना चपलेकडे बघत राहिले. मग म्हणाले, “डिस्क ब्रेक कितला सीसीना येस रे?”

तेव्हा वाचकांना विनंती. कोणाच्या माळ्यावर लुनाचं जुनं इंजिन पडलं असेल, तर कृपा करून नानांना कळवू नका. आत्ता कुठे ते ब्रेकपर्यंत आले आहेत.