चौथी वाटी

डोशाच्या हॉटेलात पुन्हापुन्हा सांबार घेणारा माणूस तुमच्या ओळखीचा आहे, त्यामुळे त्याच्या टोपीपासून सुरुवात करत नाही. एक दुरुस्ती मात्र आधीच करायला हवी. तो सांबार मागतो असं सगळे म्हणतात, ते खोटं आहे. ‘अजून दे’ हे दोन शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकलेले नाहीत. तो फक्त कळवतो, ‘भाऊ, हे गार झालं, जरा गरम आण.’ त्या वेळी वाटी रिकामी असते. रिकाम्या वाटीतलं सांबार गार कसं झालं, हे वेटर विचारत नाही आणि आप्पा सांगत नाही. (आप्पा म्हणू या, तो नाना, बापू, आबा अशा कोणत्याही नावाने येऊ शकतो.) दुसरी वाटी येते तेव्हा तिच्यातून वाफ निघत असते. आप्पा बोटाचं मागचं पेर वाटीला लावून बघतो, चटका बसतो, हात झटकतो आणि चार घासांत पुन्हा हाक देतो, ‘भाऊ, हे गार झालं.’

अशा माणसाला आपण फुकट्या म्हणून मोकळे होतो. माझं म्हणणं असं आहे की हा फुकटेपणा नाही, हा शिष्टाचार आहे, आणि तो समजायचा असेल तर माणूस कुठून आला ते पाहावं लागेल. कळसाडीचा आप्पा बाजाराला, दवाखान्याला नाहीतर सातबाऱ्याच्या दुरुस्तीसाठी शहाद्याला किंवा नंदुरबारला येतो, साहेब भेटत नाहीत, आणि मग तो डोसा खातो. खानदेशात जेवणाची परीक्षा रश्शावर होते. शेवभाजी असो की पातोड्यांची भाजी, भाकरी ताटात चुरायची, वर रस्सा ओतायचा, ती मुरू द्यायची आणि मग हात घालायचा. डोशाशीही आप्पा हेच करतो. कुरकुरीत कड आधी मोडतो, वाटीत बुडवतो, मऊ पडेपर्यंत थांबतो. बटाट्याची भाजी बाजूला सारतो, कारण कोरडी भाजी ही त्याच्या मते घाईत रांधलेली भाजी. आता या रश्शाचा घरचा नियम असा की तो मागायचा नसतो. वाढणारीने ताटाकडे लक्ष ठेवायचं, ‘घ्या की थोडा’ म्हणायचं, खाणाऱ्याने ‘नको, नको’ म्हणायचं आणि ताटावर आडवा हात मात्र जरा उशिराच धरायचा. मागावं लागलं तर यजमानाचं लक्ष नव्हतं असा बोभाटा होतो आणि पाहुणा हावरट ठरतो. हॉटेलात आग्रह करायला कुणीच नसतं. तेव्हा दोघांचीही अब्रू राखायची तर सांबारावरच काहीतरी ठपका ठेवावा लागतो. ते गार होतं.

यावर पहिला आक्षेप गल्ल्यावरून येईल: शिष्टाचार ठीक, पण डाळीचे पैसे कोण देणार? हा आक्षेप हिशेबातच टिकत नाही. तूर याच भागात पिकते. नारळ बाहेरून गाडीत बसून येतो. म्हणूनच छोट्या हॉटेलात चटणी हात आखडून मिळते, तिच्यात डाळं भरीला घातलेलं असतं, आणि सांबाराची बादली मात्र मोकळेपणाने फिरते. मालकाने ही बादली डोशाच्या भावात आधीच धरलेली असते. शिवाय वाटीला बोट न लावता उठणारी गिऱ्हाईकंही असतातच. आप्पा त्यांच्या वाट्याचं पितो इतकंच. मुळात या धंद्याची घडणच आग्रहाची आहे. मुंबईत दक्षिणेकडची मंडळी नोकरीला आली, घर गावाकडे राहिलं, आणि त्यांच्यासाठी माटुंग्यात खाणावळी निघाल्या. ए. रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग 1942 सालचं. बोर्डिंग म्हणजे ठरलेल्या पैशांत पोटभर जेवण, वाढपी बादली घेऊन पानापानाशी. पंगतच ती, फक्त दक्षिणा आधी घेतलेली. आप्पाने माटुंगा पाहिलेलं नसेल, पण ज्या बादलीवर तो हक्क सांगतो तिचं कूळ तेच आहे.

दुसरा आक्षेप जाणकारांचा. डोसा असा सांबारात बुचकळून खातात का? डोसा कुरकुरीत खावा, चटणीला टेकवावा, सांबार चाखण्यापुरतं. हे जाणकार बहुधा एकदा बंगळूरला जाऊन आलेले असतात. त्याच बंगळूरला इडली-वडा सांबारात बुडवून मागवता येतो हे ते सांगत नाहीत, आणि चेन्नईच्या ट्रिप्लिकेनमधल्या रत्ना कॅफेचं नाव 1948 पासून झालंय ते सांबारात पोहणाऱ्या इडलीमुळे, हेही नाही. तिथे आप्पा बसला तर त्याला कुणी वळून पाहणार नाही. आप्पाकडे अर्थात याहून मोठा पुरावा आहे: सांबार आपलंच आहे. तंजावरच्या मराठ्यांच्या मुदपाकखान्यात आमटीसाठी आमसूल संपलं, चिंच घातली, पाहुणे संभाजीराजे होते, म्हणून ते सांबार. गोष्ट झकास आहे. तंजावरला भोसल्यांचं राज्य होतं हे खरं. आमसुलाची गोष्ट दंतकथा म्हणूनच ऐकावी. पण आप्पाला इतिहासच काढायचा असेल तर त्याने जवळचा काढावा. 1670 च्या अखेरीस प्रतापराव गुजरांच्या फौजेने खानदेशातल्या गावांकडून चौथाईचे कबुलीनामे लिहून घेतले होते. वसुलाचा चौथा हिस्सा म्हणजे चौथाई. साडेतीनशे वर्षांनी तीच गावं डोशाच्या हॉटेलात चौथी वाटी वसूल करत असतील, तर त्याला लूट म्हणायला मी तयार नाही.

एवढं सगळं त्याच्या बाजूने बोलूनही हा माणूस शेजारच्या खुर्चीवर नको वाटतो, हे मान्य. तो भुरके मारतो. शेवग्याची शेंग चोखून तिची कातडी तो स्वतःच्या ताटाच्या कडेला ठेवता ठेवता आपल्या ताटापर्यंत येतो. आपली ऑर्डर घेऊन निघालेला वेटर त्याच्या एका ‘भाऊ’ने मागे फिरतो. पण त्या अख्ख्या हॉटेलात सांबार चव घेऊन खाणारा तो एकटाच असतो. बाकीचे मेन्यूत चीज, पनीर आणि शेजवान शोधत असतात. डोशाच्या वर किसलेल्या चीजचा फोटो निघेपर्यंत वाटीतलं सांबार खरोखरच गार होतं, आणि त्यांची काही तक्रार नसते. आज डाळ नीट शिजली नाही, चिंच जास्त झाली, दुधी काल संध्याकाळचा आहे, हे आप्पा पहिल्या वाटीत ओळखतो आणि चौथ्या वाटीनंतर हात धुताना सांगतो. गूळही त्यालाच कळतो. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. या पट्ट्यातलं सांबारही तसंच, आणि आज ते सीमेच्या कोणत्या बाजूला गेलंय याचा निवाडा करणारा दुसरा कुणी मालकाला मिळणार नाही. पगार न घेता, उलट डोशाचे पैसे देऊन तो हे काम करतो.

हे ज्या मालकांच्या ध्यानात येत नाही ते भिंतीवर पाटी लावतात: ‘एक्स्ट्रा सांबारचे पैसे पडतील.’ त्यांचा युक्तिवाद सरळ आहे. पार्सलमध्ये सांबार पिशवीत मोजून, गाठ मारून जातं, घरी कुणी ‘गरम आण’ म्हणत नाही, मग टेबलावरच लाड कशाला? बरोबर आहे. फक्त पाटी लागल्यावर काय होतं ते या मालकांनी गल्ल्यावरून मान वर करून बघावं. आप्पा पाटी वाचतो. दहा रुपये त्याला जड नसतात. सातबाऱ्यापायी त्याने झेरॉक्सवर याहून जास्त घातलेले असतात. तो एक्स्ट्रा वाटी मागतो, अगदी स्पष्ट शब्दांत, पैसे मोजून. ती वाटी खरोखरच कोमट असली तरी तो काही म्हणत नाही. विकत घेतलेल्या वस्तूला कसलं आलंय गार आणि कसलं गरम. निम्मं सांबार वाटीत ठेवून तो उठतो, डाळ कच्ची होती हे कुणाला न सांगता हात धुतो, आणि पुढच्या बाजाराला समोरच्या गाडीवर उभ्या उभ्या कचोरी खातो.