कंपन्यांना कंठ फुटला

अमेरिकेत मिनियापोलिसच्या पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाच्या मानेवर नऊ मिनिटांहून जास्त वेळ गुडघा रोवला; त्यात तो गेला. पोलिसांचं पहिलं निवेदन काय, तर ‘वैद्यकीय घटना’! रस्त्यावरच्या एका मुलीने मोबाइलवर चित्रण केलं नसतं, तर तेच खरं ठरलं असतं. मग कंपन्यांना कंठ फुटला. २ जून २०२० रोजी वंशभेदाच्या निषेधार्थ इन्स्टाग्राम काळ्या चौकोनांनी भरलं. एनएफएल या अमेरिकी फुटबॉल लीगच्या आयुक्तांनाही खेळाडूंचं आधीच ऐकायला हवं होतं, असा साक्षात्कार झाला. २०१६ मध्ये याच अन्यायाविरुद्ध राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकणाऱ्या खेळाडू कॉलिन केपर्निकला मात्र पुन्हा एकाही संघाने घेतलं नाही. आपल्या मुंबईत ‘फेअर अँड लव्हली’ या गोरेपणाच्या क्रीमची ‘ग्लो अँड लव्हली’ झाली. बारसं स्वस्तात उरकलं. तिकडे फ्लॉइडच्या नावाचं पोलीस सुधारणा विधेयक मात्र २०२१ मध्ये अमेरिकी सिनेटमध्येच अडकलं.