वायरमन मामा

मोटारींच्या दुनियेत एंजिनाच्या मिस्त्रीला जी प्रतिष्ठा लाभते ती वायरमनाच्या नशिबी नसते. मिस्त्री एंजिन उतरवू लागला की चार माणसे जमतात, आणि सायंकाळी त्याच्या अंगावरील काळ्या तेलावरूनच त्याच्या श्रमांची खात्री पटते. वायरमन मात्र दिवसभर डॅशबोर्डाखाली उताणा पडलेला असतो, आणि त्याच्या पराक्रमाचा पुरावा म्हणून एखादा दिवा लागतो किंवा एखादा काटा हलतो, एवढेच. पुणे-बंगळूर रस्त्यावर, कऱ्हाडच्या अलीकडे पत्र्याच्या टपरीत बसणाऱ्या वायरमन मामांनी या अन्यायाचे परिमार्जन आपल्या परीने केले आहे: ते कोणतीही दुरुस्ती करीत नाहीत, रीतसर चौकशी चालवतात.

फिर्याद बहुधा ठरलेली असते. 1954 पासून टाटा आणि डेमलर-बेंझ यांच्या सहकार्याने जमशेदपुरास जे ट्रक निघू लागले, त्यांच्याच घराण्यातील एखादी वयोवृद्ध टाटा 1210 टपरीसमोर येऊन उभी राहते आणि ड्रायव्हर खिडकीतूनच पुकारतो, "मामा, डिझेलचा काटा मेलाय. नवं मीटर टाका." हे शब्द मामांच्या वर्मी लागतात. ते सावकाश विडी विझवतात, टाकीपाशी जायचे म्हणून थोटूक कानावर ठेवतात आणि विचारतात, "मेला हे कुणी ठरवलं? तू का मी?"

मग जबान्या सुरू होतात. काटा एकदम पडला की थरथरत पडला? खड्ड्यात गाडी आदळली की जिवंत होतो काय? पाण्याच्या उष्णतेचा काटाही त्याच सुमारास बिघडला काय? कारण दोन्ही काटे एकाच वेळी गेले असतील, तर टाकीस दोष न देता दोघांच्या सामाईक फ्यूजला आधी हजर करावे, हे मामांच्या संहितेतील पहिले कलम होय.

यानंतर मुख्य पुरावा. ज्या क्लीनरला सबंध प्रवासात कोणी मत विचारलेले नसते त्याला पंच नेमून, चावी फिरवून काट्यासमोर बसवले जाते. मामा टाकीवरच्या युनिटाची वायर सोडवतात, तिचे उघडे टोक क्षणभर चासीला टेकवतात आणि ओरडतात, "हलला का?" "हलला, मामा!" कोणत्या मीटरात काटा भरल्या टाकीच्या खुणेकडे धावतो, कोणत्यात रिकाम्या, मामांना त्याच्या दिशेशी कर्तव्य नसते, धावण्याशी असते. काटा धावला की मीटर निर्दोष सुटले, मधली वायरही सुटली, आणि संशयाचा रोख टाकीवर वळला. तेथे आरोपी तीनच: गंजलेला किंवा रंगाखाली दबलेला अर्थ, तारेच्या वेटोळ्यावरून सरकून झिजलेली पट्टी, अथवा चीर पडून पोटात डिझेल भरलेला फ्लोट, जो टाकी काठोकाठ भरली तरी तळ सोडीत नाही.

बहुतेक वेळा अर्थच सापडतो. मामा बोल्ट काढतात, काचकागदाने त्याखालचा रंग आणि गंज खरवडून पत्रा लख्ख करतात, बोल्ट आवळतात, आणि काटा हळूहळू पाऊण टाकीवर येऊन स्थिरावतो. तरीही मामांचा विश्वास बसत नाही. बांबूची पट्टी टाकीत बुडवून, तिच्यावरील ओल अंगठ्याने मोजून, काट्याची साक्ष पडताळल्यावरच फैसला जाहीर होतो.

फैसल्याने सर्वांना आनंद होतोच असे मात्र नाही. डिझेल संपून पंपात हवा शिरली, तर रस्त्याच्या कडेला स्क्रू ढिले करून हवा काढीत बसण्याची पाळी ड्रायव्हरवरच येते, हे खरे. परंतु ज्या टाकीतून रात्री ढाब्यामागे एखादा कॅन उतरतो, तिचा काटा मेलेलाच बरा, असेही मानणारे काही अनुभवी लोक या मार्गावर आहेत. अशा गाडीची वायर कधी झिजलेली नसते, गंजलेली नसते. ती नेमकी पक्कडीने कापावी तशी तुटलेली आढळते. अशा प्रसंगी मामा ड्रायव्हरकडे बराच वेळ पाहतात, पेशाची अब्रू आणि उद्याचे गिऱ्हाईक यांचा तोल मनाशी साधतात आणि मालकाला फोनवर कळवतात, "उंदरानं कुरतडली, शेठ."

शेजारच्या दुकानदाराने फिर्यादीच्या शब्दावर नवी मीटरे विकून दोन मजले चढवले. मामांची टपरी अद्याप पत्र्याचीच आहे, कारण बोल्ट खरवडण्याचे पैसे ते चहापुरतेच घेतात. तेव्हा वाचकांपैकी कोणाच्या पदरी जुनी मालमोटार असेल आणि तिचा काटा पडला असेल, तर नवे मीटर घेण्यापूर्वी टाकीची वायर चासीला टेकवून काटा पाहावा, आणि काटा हलला तर ड्रायव्हरचा चेहराही पाहावा.