नखाएवढा डोंगल आणि घरभर तज्ज्ञ

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा आधार काढून घेतला आणि घरोघरचे ठणठणीत, पण विंडोज ११च्या अटींत न बसणारे डेस्कटॉप एका रात्रीत निराधार झाले. अशा वेळी प्रत्येक घराला एक भाचा असतो. "मामा, टाकून नका देऊ, मी लिनक्स घालून देतो," असं म्हणत तो रविवारी येतो, पोहे होईपर्यंत लिनक्स मिंट चढवतो आणि बशी खाली ठेवून विचारतो, "वायफाय कुठाय?"

वायफाय मागे खोचलेल्या नखाएवढ्या यूएसबी डोंगलमध्ये असतं. काल चालत होतं, आज नाही.

मग ज्याला त्याला उपाय सुचतात. मामा राउटर बंद करून चालू करतात. राउटरचा यात काडीचा संबंध नसतो, पण काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. डोंगलसोबत आलेली आठ सेंटिमीटरची चिमुकली सीडीही त्यांनी वॉरंटी कार्डासकट जपलेली असते. ती घालायला ड्राइव्ह मात्र कधीचाच गेलेला असतो. भाचा निदान करतो : ड्रायव्हर नाही. ड्रायव्हर इंटरनेटवर आहे, आणि इंटरनेट ड्रायव्हरशिवाय येत नाही.

ही कोंडी फोडणं सोपं आहे. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू केलं, की संगणकाला तो साधं नेटवर्क कार्ड वाटतो आणि बहुधा वेगळं काही घालावं लागत नाही. "मग डोंगल हवाच कशाला?" हा मामांचा प्रश्न रास्त आहे. पण जोडलेला फोन मामींचा असतो.

यानंतर डोंगलची खरी ओळख पटवायची असते, आणि ती खोक्यावर नसते. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हा त्यातला गाजलेला नमुना. पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ चिप होती, लिनक्समध्ये बिनबोभाट चालणारी. दुसऱ्या आवृत्तीत तिच्या जागी रिअलटेकची आरटीएल८१८८ईयूएस आली. मॉडेलचं नाव तेच, आत दुसरंच बिऱ्हाड! म्हणून लिनक्समध्ये 'एलएसयूएसबी' ही आज्ञा द्यावी, विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधला हार्डवेअर आयडी पाहावा. चार अक्षरं उत्पादकाची, चार वस्तूची.

मामांच्या डोंगलची निघाली ०बीडीए:१ए२बी. ०बीडीए म्हणजे रिअलटेक, एवढ्यावर भाचा कामाला लागला. कुठलासा जुना सल्ला वाचून त्याने ड्रायव्हरचा कोड उतरवला आणि डीकेएमएसने बांधला. कर्नल बदलला की ड्रायव्हर आपोआप पुन्हा बांधणारी ही सोय खरोखर चांगली आहे. मग सिक्युअर बूट आडवं आलं. सही नसलेलं मॉड्यूल ते आत घेत नाही. किल्ली नोंदवायला संगणक पुन्हा सुरू करून निळ्या पडद्यावर पासवर्ड द्यावा लागतो. तेही झालं. वायफाय नाहीच.

"ती सीडी कसली दिसतेय रे तिथे?" चहा ठेवता ठेवता मामींनी विचारलं. डेस्कटॉपवर खरोखरच एका तबकडीचं चित्र होतं. "काढ ना ती आधी."

भाच्याने उजवं बटण दाबून 'इजेक्ट' केलं आणि शेजाऱ्यांच्या वायफायची यादी झळकली.

यात चमत्कार नाही. या डोंगलच्या पोटातच विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो आणि तो देता यावा म्हणून डोंगल सुरुवातीला स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणवतो. जावयाने दारात येऊन "कुरिअर!" अशी आरोळी द्यावी, तसला प्रकार. लिनक्समध्ये त्याला मूळ रूपात आणायला यूएसबी-मोडस्विच नावाची युक्ती आहे. पुष्कळदा नुसतं इजेक्टही पुरतं. आणि भाच्याने घाम गाळून बांधलेला ड्रायव्हर? या डोंगलमधल्या आरटीएल८८२१सीयू चिपला २०२३च्या ६.२ आवृत्तीपासून लिनक्सच्या कर्नलमध्येच जागा मिळाली आहे. दुपार फुकट गेली, एवढंच.

रिअलटेकच्या चिपा लिनक्समध्ये आज इतपत तरी चालतात, त्यामागे लॅरी फिंगर या अमेरिकन स्वयंसेवकाचा मोठा वाटा आहे. २००५च्या सुमारास ब्रॉडकॉमच्या ड्रायव्हरांपासून त्यांनी सुरुवात केली आणि पुढे वर्षानुवर्षं रिअलटेकचे ड्रायव्हर सांभाळले. जून २०२४मध्ये ८४व्या वर्षी ते गेले. 'काल चालत होतं, आज नाही' अशा किती तक्रारी त्यांच्यापर्यंत गेल्या असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

तेव्हा नवा डोंगल घेताना दुकानदाराला कंपनी विचारू नका, चिप विचारा. मीडियाटेकची एमटी७६१२यू असेल तर डोळे मिटून घ्या. तिचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच असतो. दुकानदार नुसतं "सगळ्यात चालतो" म्हणाला, तर बिल जपून ठेवा.