इंग्रजीच्या फौजदारांस अनावृत पत्र

प्रति,
इंग्रजीतल्या चुका पकडणाऱ्या समस्त सन्माननीय मंडळींस,

स. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहीत आहे, याबद्दल आधी क्षमा असावी. इंग्रजीत लिहिले असते तर आपण ते वाचले नसते, तपासले असते. आपला लौकिकच तसा आहे. लग्नपत्रिका हाती आली की वर कोण, वधू कोण हे कळण्याआधी आपल्याला त्यातले चुकलेले स्पेलिंग दिसते. शोकसंदेशात गेलेल्या माणसाच्या आधी गाळलेले आर्टिकल दिसते. वरिष्ठांकडून आलेल्या परिपत्रकात मात्र आपल्याला कधीच काही दिसत नाही, त्याबद्दल पुढे. आपल्या कामाचा उपमर्द करण्याचा हेतू नाही. ज्या कायद्यांच्या जोरावर आपण ही फौजदारी चालवता ते कोणी, कधी आणि कशासाठी केले, याची थोडी आठवण द्यावी आणि मग एक तक्रार नोंदवावी, एवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच.

आपल्या वहीतले पहिले कलम घेऊ. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन येता कामा नये. ‘द हाउस आय लिव्ह इन’ असे कोणी म्हणाले की आपल्या कपाळाला आठी पडते. या आठीचा माग कवी आणि नाटककार जॉन ड्रायडनपर्यंत लागतो. बेन जॉन्सनच्या ‘कॅटिलाइन’ नाटकातली एक ओळ पुढे करून, वाक्य असे संपवणे हा दोष आहे, असे त्याने १६७२ साली जाहीर केले. जॉन्सन १६३७ सालीच वारलेला असल्यामुळे प्रतिवाद झाला नाही. ड्रायडन निदान प्रामाणिक होता. नाट्यकाव्यावरचा आपलाच १६६८ सालचा निबंध १६८४ साली पुन्हा छापताना त्याने स्वतःच्या वाक्यांची शेपटे उचलून मध्ये नेऊन बसवली. या सगळ्याचे कारण लॅटिन. आपले इंग्रजी बरोबर आहे की नाही याची शंका आली तर तो मनातल्या मनात त्याचे लॅटिन करून पाहत असे, आणि लॅटिनमध्ये प्रिपोझिशन असे मागे लोंबत राहत नाही. पुढे १७६२ साली रॉबर्ट लाउथने इंग्रजी व्याकरणाचे एक छोटे पुस्तक काढले. लाउथ म्हणजे ऑक्सफर्डचा काव्याचा माजी प्राध्यापक, हिब्रू काव्याचा पंडित आणि कालांतराने लंडनचा बिशप. आपल्या पंथाचा मूळपुरुष म्हणून त्याचे नाव घेतात, पण तो त्याच्यावर अन्याय आहे. त्याचे म्हणणे इतकेच होते, की बोलण्यात आणि घरगुती लिखाणात ही रचना खपून जाते, भारदस्त लिखाणात प्रिपोझिशन आधी आलेले बरे दिसते. आणि हे सांगताना त्याने आपले वाक्यच प्रिपोझिशनवर संपवले! ही थट्टा असावी, असे मानायला जागा आहे. १७९५ साली लिंडली मरे या, अमेरिका सोडून यॉर्कला येऊन राहिलेल्या वकिलाने लाउथचे तेच वाक्य आपल्या व्याकरणात उचलले आणि उचलताना दुरुस्त केले. मरेचे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या शाळांतून चालले. थट्टा गाळली गेली, कायदा तेवढा उरला.

बाकीच्या कलमांची जन्मकथा फार वेगळी नाही. मोजता येणाऱ्या वस्तूंना ‘लेस’ म्हणू नये, ‘फ्यूअर’ म्हणावे, हे १७७० साली रॉबर्ट बेकर नावाच्या गृहस्थाने लिहिले, तेही मला असे बरे वाटते, अशा सुरात. त्याआधी नवव्या शतकातल्या राजा आल्फ्रेडपासून मंडळी मोजण्याजोग्या गोष्टींनाही ‘लेस’ लावत आली होती. बेकरच्या आवडीला आज एवढे वजन आहे, की २००८ साली टेस्को या ब्रिटिश दुकानसाखळीला ‘दहा किंवा कमी वस्तू’ सांगणाऱ्या रांगेवरच्या पाट्या बदलाव्या लागल्या. ‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालू नये, या कलमाला बळ दिले ते कँटरबरीचे डीन हेन्री आल्फर्ड यांच्या १८६४ सालच्या ‘द क्वीन्स इंग्लिश’ने. राणीची भाषा कशी असावी हे सांगणाऱ्या या पुस्तकाला जॉर्ज वॉशिंग्टन मून नावाच्या माणसाने ‘द डीन्स इंग्लिश’ या नावाच्या पुस्तकाने उत्तर दिले, आणि डीनसाहेबांच्या वाक्यांतली सर्वनामे नेमकी कोणाविषयी बोलतात हे कळत नाही, असे उदाहरणे काढून दाखवले. धर्मपीठावरून शुद्धतेचा उपदेश करणाऱ्याचीच झडती झाली. पुढे १९२६ साली फाउलर या कोशकाराने आपल्या इंग्रजी शब्दप्रयोगांच्या कोशात या कलमाचा धाक बाळगणाऱ्यांची यथेच्छ टिंगल केली. आपण त्या कोशाचे नाव आदराने घेता. ती नोंद उघडून पाहण्याची सवड मिळाली नसावी.

आणि ‘दे’ हे अनेकवचनी सर्वनाम एका व्यक्तीला लावले की आपण हाय खाता, भाषा बुडाली म्हणता. ती बुडायला चौदाव्या शतकात सुरुवात झाली. शेक्सपिअर त्यात सामील आहे, जेन ऑस्टिन आहे. इंग्रजीचा ‘यू’ तरी काय, एके काळचा अनेकवचनीच. आदरापोटी तो एकाला लागू लागला आणि बिचारा ‘दाउ’ प्रार्थनेपुरता उरला. मराठी वाचकाला यात नवल ते काय वाटणार? ‘साहेब आले, साहेब बसले, साहेबांनी चहा घेतला’ हे ऐकून साहेब किती होते, असे आपल्याकडे कोणी विचारत नाही आणि कपही वाढवून ठेवत नाही.

यावर आपले उत्तर ठाऊक आहे. उगम कसाही असो, आज तो नियम आहे. नियम मोडू दिले तर भाषेचा बाजार होईल. या आक्षेपाला उत्तर द्यायला इंग्लंडला जायची गरज नाही. पतंजली स्वतः वैयाकरण, त्याच्याइतका नियमांचा जाणकार शोधून सापडायचा नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या आपल्या महाभाष्यात त्याने एका वैयाकरणाची आणि सारथ्याची गाठ घालून दिली आहे. या रथाचा ‘प्रवेता’, म्हणजे हाकणारा, कोण, असे वैयाकरण विचारतो. मी याचा ‘प्राजिता’, असे सारथी सांगतो. हा अपशब्द आहे, असे वैयाकरण फटकारतो. त्यावर सारथी ऐकवतो, की आपल्याला सूत्र कुठवर पोचते हे ठाऊक आहे, लोकांना इष्ट काय ते ठाऊक नाही. वैयाकरण चिडून सारथ्याला शब्द फिरवून एक शिवी देतो, तर सारथी त्या शिवीची व्युत्पत्तीही चुकली म्हणून ती दुरुस्त करून हातात ठेवतो. गोष्ट इथेच संपते. हरलेला माणूस पतंजलीच्याच जातकुळीचा आहे, आणि तरी ती गोष्ट ग्रंथात आहे. त्याच ग्रंथात पतंजली आणखी एक सांगतो : मडके हवे असले की माणूस कुंभाराकडे जातो आणि घडवून दे म्हणतो, पण शब्द हवे म्हणून वैयाकरणाच्या घरी कोणी जात नाही. नियम प्रयोगामागून चालतो, हे त्याला मान्य होते, आणि एवढे मान्य करूनही त्याने व्याकरण टाकून दिले नाही. बाजार होण्याची भीती तिथेच फिटते.

म्हणजे काहीही चालते असे मात्र नव्हे. ‘डिस्कस अबाउट’, ‘रिटर्न बॅक’, ‘वन ऑफ माय फ्रेंड’ यांना आपण हटकता ते योग्यच; पहिल्या दोन्हींत शेवटचा शब्द जास्तीचा आहे आणि तिसऱ्यात अनेकवचन राहून गेले आहे. चांगल्या लेखकांच्या छापील गद्यात अशा रचना सहसा आढळत नाहीत. नोकरीच्या मुलाखतीत त्या बोलणाऱ्याचे नुकसान करतात, आणि खेड्यातून आलेल्या, तर्खडकरांच्या पाठमालेवर किंवा रेन-मार्टिनवर इंग्रजी कमावलेल्या मुलाला ते आधी सांगणे हे उपकाराचेच काम आहे. फरक ओळखायची कसोटी साधी आहे. सहाशे वर्षे ज्या रचना त्या भाषेतल्या उत्तम लेखकांनी वापरल्या त्यांना चूक म्हणणे हा कोणाच्या तरी आवडीचा हुकूम आहे. ज्या त्यांनी सहसा वापरल्या नाहीत त्या शिकणाऱ्याला दाखवून देणे हे शिक्षण आहे. आपल्या वहीत दोन्ही एकाच लाल शाईत आहेत, आणि दुर्दैवाने पहिल्या प्रकारातल्यांची शाई जास्त गडद आहे, कारण त्या पकडण्यात पांडित्य दिसते. स्टाफ सिलेक्शनसारख्या परीक्षांतला ‘स्पॉट द एरर’ हा प्रश्नप्रकार तर या वृत्तीचे सरकारमान्य प्रशिक्षण आहे. वाक्याचे तुकडे, प्रत्येकाला अक्षर आणि शेवटी ‘नो एरर’ हा पर्याय. वाक्य कोणी कोणाला म्हटले, कशासाठी म्हटले, याला गुण नाहीत. चूक असणारच अशी खात्री धरून वाचायची सवय लागलेला उमेदवार त्या शेवटच्या पर्यायाला नेहमी बिचकतो, यात त्याचा काय दोष?

भारतीय इंग्रजीवर तर आपली विशेष नजर. ‘पोस्टपोन’च्या उलट, ठरलेली वेळ अलीकडे आणणे या अर्थाच्या ‘प्रीपोन’ या शब्दाची आपण अनेक वर्षे हसून हसून वाट लावली. ऑक्सफर्डच्या कोशाने तो नोंदवलाच आहे, शिवाय त्याचा या अर्थाचा जुना दाखला १९१३ सालच्या न्यूयॉर्क टाइम्समधला आहे, म्हणजे हसायचेच तर अमेरिकेकडे तोंड करून हसावे लागेल. ‘डू द नीडफुल’ हे आपल्या कारकुनांच्या डोक्यातून निघालेले नाही. ब्रिटिशांच्याच जुन्या पत्रव्यवहारातले ते चलन, तिकडे बंद पडले, इकडे चालू राहिले. ‘पास आउट’ म्हणजे बेशुद्ध पडणे, पदवीधर होणे नव्हे, असे आपण बजावता. खडकवासल्याच्या एनडीएत दर सहामाहीला ‘पासिंग आउट परेड’ होते आणि कॅडेट ताठ चालत बाहेर पडतात. एनडीएच्या कमांडंटना चूक दाखवणारे आपले पत्र अद्याप प्रसिद्ध झाल्याचे ऐकिवात नाही. तक्रार नेमकी इथून सुरू होते. आपली दुरुस्ती पाण्यासारखी वाहते, नेहमी खालच्या दिशेने. दुकानाच्या पाटीवर, रिक्षाच्या मागच्या काचेवर, प्रशिक्षणार्थीच्या ईमेलवर ती कोसळते. वरच्या मजल्यावरची इंग्रजी चूक मात्र ‘शैली’ ठरते.

‘पण एका स्वल्पविरामाने कोट्यवधींचे नुकसान होते’, हा आपला हुकमाचा पत्ता. तो खरा आहे, म्हणून नीट पाहू. अमेरिकेतल्या मेन राज्यात ओकहर्स्ट डेअरीच्या ट्रकचालकांनी ओव्हरटाइमसाठी दावा लावला. कोणत्या कामांना ओव्हरटाइम लागू नाही, याची कायद्यात यादी होती. तिच्या शेवटच्या टप्प्यावर स्वल्पविराम नसल्यामुळे ‘वाटप’ हे वेगळे काम की वाटपासाठी माल बांधणे हे एकच काम, याचा उलगडा होईना. २०१७ साली अपील न्यायालयाने संदिग्धतेचा फायदा चालकांना दिला आणि २०१८ साली डेअरीने ५० लाख डॉलरला तडजोड केली. आता यातला गमतीचा भाग. मेनच्या विधिमंडळाच्या मसुदालेखनाच्या नियमपुस्तिकेतच अशा यादीत शेवटच्या शब्दाआधी स्वल्पविराम देऊ नये, असे सांगितले होते. जिथे घोटाळा होईल तिथे सांभाळा, असेही तिने बजावले होते; ते कोणी पाळले नाही. मसुदा लिहिणारा नियमाप्रमाणे बरोबर आणि अर्थाच्या बाबतीत नापास. लाल शाईने तपासले असते तर त्या वाक्याला आपण पैकीच्या पैकी गुण दिले असते.

तेव्हा विनंती अशी, की हीच नजर थोडी वर वळवावी. कार्यालयांतून येणाऱ्या इंग्रजी पत्रांत ‘इट हॅज बीन डिसायडेड’ अशी वाक्ये भरलेली असतात. व्याकरण चोख असते, निर्णय घेणारा माणूस तेवढा वाक्यात नसतो. कोणी ठरवले, कोणाकडे दाद मागायची, हे विचारायला कर्ता लागतो आणि तो कर्मणी प्रयोगाच्या आड पळालेला असतो. विमा पॉलिसीच्या अटींत ‘इट’ आणि ‘सच’ नेमके कशाला उद्देशून आहे, हे दावा नाकारला गेल्यावर कळते. बँकेच्या कर्जाच्या करारात एकाच वाक्यात तीन ‘एक्सेप्ट’ आणि दोन ‘अनलेस’ असतात. वाचणारा खाली सही करतो आणि हप्ता चुकला की त्याला त्यांचा अर्थ समजावून सांगितला जातो. या वाक्यांपुढे दुकानाच्या पाटीवरचा अपॉस्ट्रॉफी फारच निरुपद्रवी आहे. अशी वाक्ये तपासण्याचे काम अवघड आहे, हे मान्य. पाटी लावणारा माणूस उलटून बोलत नाही. बँकेचा विधी विभाग बोलतो. शिवाय इथे नियम पाठ असून भागत नाही, वाक्याचा अर्थ लावावा लागतो, आणि मेनच्या चालकांच्या वकिलांनी तेच केले.

या पत्राचे कोणी इंग्रजी भाषांतर केले आणि त्यात काही दोष आढळले, तर ते खुशाल कळवावेत. उत्तराची घाई नाही; आपल्या सोयीने लिहावे, आणि सोय लवकर झाली तर बेलाशक प्रीपोन करावे.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला एक दुरुस्त न झालेला वाचक